रुळांभोवतीचा डोंगर

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलांना प्रमाणाची चिंता नसते. बुरुजापेक्षा मावळा उंच असतो, महाराजांची मूर्ती बालेकिल्ल्याच्या तोडीची असते, आणि पायथ्याशी पेरलेले अळीव तोफांच्या वर डोके काढून उभे राहते. किल्ल्याला ते शोभतेही. तेथे प्रत्येक वस्तू तिच्या मानाप्रमाणे लहानमोठी असते, मापाप्रमाणे नव्हे. आगगाडीच्या प्रतिकृतीचे तसे नाही. रुळांवर एकदा गाडी उभी राहिली, की तीच आजूबाजूच्या सर्व वस्तूंची फुटपट्टी होऊन बसते. डब्याच्या दाराशेजारी त्या दारातून आत जाऊ न शकणारा उतारू उभा केला, तर पाहणाऱ्याला काय चुकले हे सांगता येत नाही. पण काहीतरी चुकले हे मात्र त्याला तत्काळ कळते.

रूळ जोडणे, वीजप्रवाह देणे, सांधे बदलणे या गोष्टी विकतच्या संचाबरोबर येणाऱ्या सूचनापत्रावरून शिकता येतात. गाडी गोल गोल फिरू लागल्यानंतर फळीचा उरलेला रिकामा भाग कसा भरावा, याविषयी ते सूचनापत्र काही सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी नेरळ–माथेरान हा मार्ग घेतला आहे. तो २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाला. त्याचे रूळ एकमेकांपासून अवघे ६१० मिलिमीटर अंतरावर आहेत, आणि सुमारे २० किलोमीटरांच्या वाटेत तो जवळजवळ ७५० मीटर चढतो. दार्जिलिंग, कालका–सिमला किंवा निलगिरी यांपैकी एखादा डोंगरी मार्ग ज्यांच्या जवळचा असेल त्यांनी तो घ्यावा. हिशेब तोच राहील. दगड, माती आणि झाडे मात्र निराळी असतील, आणि खरे पाहता सगळा अभ्यास त्या निराळेपणाचाच आहे.

माप

बाजारात सहज मिळणाऱ्या प्रतिकृती बहुधा १ : ८७ या प्रमाणाच्या असतात. याचा अर्थ, खऱ्या वस्तूचे ८७ सेंटिमीटर म्हणजे प्रतिकृतीतील १ सेंटिमीटर. या प्रमाणाचे नेहमीचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. या आकड्याला ८७ ने गुणले असता १४३५ मिलिमीटर येतात. ही युरोप-अमेरिकेतील प्रमाणभूत रुंदी झाली. आपला ब्रॉडगेज मार्ग १६७६ मिलिमीटर रुंद असल्याने त्याला खरोखर १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक रुंदी हवी. म्हणजे विकतच्या रुळांवर उभी केलेली आपली ब्रॉडगेज गाडी काटेकोरपणे पाहिल्यास आखूड पायांवर उभी असते. माथेरानच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. ६१० मिलिमीटरांसाठी ७ मिलिमीटर रुंदीचे रूळ हवेत, आणि डोंगरी गाड्यांसाठी मिळतात ते ९ मिलिमीटरांचे. ही २ मिलिमीटरांची चूक मी स्वतः खुशाल पत्करतो. स्लीपरांमधील अंतर आणि खडीचा बारीकपणा ठीक असेल तर ती डोळ्याला खुपत नाही.

आता एक फळी घ्या : १२० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद. तिची लांबी ८७ ने गुणली, तर १०४ मीटर होतात. माथेरानचा सगळा मार्ग या प्रमाणाने मांडावयाचा झाल्यास सुमारे २३० मीटर लांबीचे मेज लागेल, आणि शेवटचे स्थानक पहिल्या स्थानकापेक्षा साडेआठ मीटर उंचावर, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावर ठेवावे लागेल. म्हणून सगळा मार्ग करू नये. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान ही पाचही स्थानके एका फळीवर कोंबण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि मग फळीवर पाच पाट्या आणि त्यांच्याभोवती फिरणारी गाडी एवढेच उरते. त्याऐवजी शंभर मीटरांचा एकच तुकडा निवडावा : एक तीव्र वळण, त्याच्या खालून जाणारी एक मोरी, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला उतार. डोंगरी मार्ग येथे आपल्याला एक सवलतही देतात. दार्जिलिंगच्या मार्गावरील सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या सुमारे १८ मीटर आहे. १ : ८७ या प्रमाणात ती २१ सेंटिमीटरांच्या आत येते. खेळण्यातील रुळांची वळणे बहुधा खऱ्यापेक्षा फारच आवळलेली असतात. डोंगरी मार्गाच्या बाबतीत ती चक्क खरी ठरतात.

चढणीला प्रमाण लागत नाही. १ : २० ची चढण प्रतिकृतीतही १ : २० चीच राहते, १२० सेंटिमीटरांत ६ सेंटिमीटर. मात्र लहान एंजिनाला ती जड जाते, म्हणून १ : ३० वर समाधान मानावे.

किती बारीक ?

नवशिका कारागीर दोन टोकांपैकी एकावर चूक करतो. एकजण डोंगराला हिरवा रंग फासून मोकळा होतो. दुसरा झाडाची पाने एकेक कापून चिकटवू लागतो आणि तिसऱ्या फांदीपाशी कंटाळतो. बारकावा कोठे थांबवावा हे ठरविण्याला एक साधा हिशेब आहे.

फळीपुढे बसलेल्या माणसाचे डोळे देखाव्यापासून सुमारे ६० सेंटिमीटरांवर असतात. प्रमाणाने हे अंतर ५२ मीटर झाले. म्हणजे खऱ्या डोंगराकडे आपण ५२ मीटरांवरून पाहत आहोत. निरोगी डोळ्याला जे दोन बिंदू वेगळे दिसतात त्यांच्यामधील कोन साधारणपणे एक अंशाचा साठावा भाग असतो. ५२ मीटरांवर या कोनात मावणारी लांबी १५ मिलिमीटर येते. यावरून नियम असा निघतो की, खऱ्या जगात जी वस्तू १५ मिलिमीटरांहून लहान आहे ती करण्याच्या भरीस पडू नये. सदऱ्याची गुंडी नको, छत्री हवी. गवताचे पाते नको, गवताचा झुबका हवा. जांभळाचे पान नको; पण पर्णभाराच्या कडेला दिसणारी खडबडीत, तुटक रेघ अवश्य हवी, कारण ५२ मीटरांवरून झाड ओळखू येते ते त्या रेघेवरूनच.

रंगालाही हा नियम लागू पडतो. दुकानातून आणलेला काळा रंग डोंगराच्या दगडाला जसाच्या तसा दिला तर तो दगड न दिसता भोक दिसते. जवळून काळा वाटणारा कातळ पन्नास मीटरांवरून राखाडी दिसतो, कारण मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश त्यावर पसरतो आणि कातळाच्या बारीक खळग्यांतील सावल्या उजळ भागांशी मिसळून जातात. म्हणून प्रत्येक रंगात थोडा पांढरा किंवा फिकट राखाडी मिसळावा. मागील पडद्यावर दूरच्या डोंगररांगा रंगवायच्या असतील, तर प्रत्येक मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा अधिक फिकट आणि अधिक निळसर करावी. हवेतील रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त विखुरतात, आणि जितकी हवा मध्ये जास्त तितका हा निळेपणा जास्त. पडदा आणि शेवटचे झाड यांत चार बोटे अंतर ठेवावे. नाहीतर दिव्याच्या उजेडात झाडाची सावली आकाशावर पडते आणि सगळे सोंग उघडे होते.

डोंगराची हाडे

डोंगराचा सांगाडा पुठ्ठ्याच्या बोटभर रुंद पट्ट्यांचा करावा. पट्ट्या आडव्या-उभ्या विणून त्यांची जाळी फळीवरच्या लाकडी ठोकळ्यांना खिळवावी, तिच्यावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवावेत आणि सगळ्यावर पातळ कालवलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडविलेले जखमेच्या पट्टीचे जाळीदार कापड पसरावे. दोन थर पुरेत. ४५ सेंटिमीटर उंचीचा डोंगर म्हणजे ३९ मीटरांचा कडा. त्याहून उंच करण्याची गरज नाही. थर्मोकोलचे तुकडे रचूनही डोंगर होतो व तो हलका असतो. परंतु तापलेल्या तारेने थर्मोकोल कापताना निघणारा धूर अपायकारक असल्याने ते काम उघड्यावर करावे.

प्लास्टरविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. जिप्सम या खनिजाच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते. ते भाजले असता त्यातील तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते व जी पांढरी पूड उरते ती प्लास्टर ऑफ पॅरिस. तिच्यात पाणी घातले, की ती गेलेले पाणी पुन्हा धरून ठेवते, स्फटिक एकमेकांत गुंततात आणि गोळा घट्ट होतो. हे होत असताना उष्णता बाहेर पडते. पातळ थरात ती हवेत निघून जाते व हाताला केवळ कोमट वाटते. जाड गोळ्यात मात्र ती कोंडते, आणि तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. २००७ साली इंग्लंडमधील एका शाळेत कलेच्या तासाला हाताचा साचा करण्यासाठी एका मुलीने आपले हात प्लास्टरच्या भांड्यात बुडवून ठेवले. प्लास्टर घट्ट झाल्यावर हात निघेनात, आणि भाजल्यामुळे तिची जवळजवळ सर्व बोटे गमवावी लागली. म्हणून प्लास्टर नेहमी काठीने कालवावे आणि हाताचा, पायाचा किंवा तोंडाचा साचा त्याने कधीही करू नये.

दुसरी सूचना जुन्या पुस्तकांविषयी आहे. ग्रंथालयांत विसाव्या शतकाच्या मध्यास छापलेली या छंदाची इंग्रजी पुस्तके अद्याप सापडतात व त्यांतील पुष्कळसा मजकूर आजही उपयोगी आहे. त्यांपैकी काहींत डोंगरासाठी सरसात ॲस्बेस्टॉसची पूड कालवावी असे सांगितलेले आढळते. तेवढी ओळ वाचून सोडून द्यावी. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन राहतात आणि पुष्कळ वर्षांनी कर्करोगासारखे रोग उत्पन्न करतात. एखाद्याच्या माळ्यावर त्या काळचा जुना देखावा असेल, तर तो मोडून पाहण्याची हौसही आवरावी.

आता कातळ. सह्याद्रीचा हा भाग लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनलेला आहे. हे थर जवळजवळ आडवे आहेत; म्हणून आपले कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, आणि एका टेकडीवरची पायरी समोरच्या टेकडीवरही त्याच उंचीवर आढळते. हिमालयात तसे नाही. तेथे थर वाकलेले, कलंडलेले आणि मोडलेले आहेत. दार्जिलिंगचा देखावा करणाराने दगडांच्या रेघा तिरप्या काढाव्यात. माथेरान करणाराने त्या पाणसळीने तपासाव्यात. रूळ चढत असतात, वळत असतात. थर मात्र आडवेच राहतात, आणि रूळ त्यांना तिरपे छेदून वर जातात. ही एवढी एक गोष्ट साधली तर पाहणारा 'हा आपल्याकडचा डोंगर' असे म्हणतो. कातळाचे तुकडे करण्यासाठी ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगळून अर्धवट उलगडावा, त्यात प्लास्टर ओतावे आणि घट्ट होताच कागद सोलून काढावा. माथ्यावर मात्र काळा कातळ नको. माथेरानचे पठार जांभ्या दगडाचे आहे, आणि तेथील वाटांची माती विटेसारखी तांबडी. जांभ्याची विट खलात कुटून चाळली, तर रंगाची गरजच उरत नाही.

पाणी जायचे कुठून ?

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या ग्रंथालयात नववीच्या मुलांबरोबर असा एक देखावा मी करविला. डोंगर, बोगदा, वळण, झाडे — सगळे जमले होते. मुलांनी मोठ्या हौसेने पालकांना बोलावले. त्यांत एका मुलाचे आजोबा होते. त्यांची सारी नोकरी रेल्वेत गँगमन म्हणून गेलेली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वाकून रुळांच्या डोंगराकडच्या बाजूला बोट फिरवून पाहिले आणि म्हणाले, "पोरांनो, सगळं झ्याक केलंत. पण पाऊस आला तर पाणी जायचं कुठून ?"

मुले माझ्याकडे पाहू लागली. आम्ही कड्याच्या पायथ्याला थेट खडी भिडविली होती. डोंगराच्या बाजूने चर नव्हता, वळणाखाली मोरी नव्हती, आणि उताराची माती थोपवून धरणाऱ्या भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी एकही भोक नव्हते. "मास्तर," आजोबा मला म्हणाले, "आमचं अर्धं आयुष्य चर काढण्यात गेलं. गाडी काय, चालवणारा चालवतो."

आजोबांना त्यावेळी उत्तर देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही तीन थाळ्यांत वाळूचे ढीग केले. पहिल्यात कोरडी वाळू ओतली. तिचा उतार ३४ अंशांच्या आसपास येऊन थांबला, आणि कितीही वाळू वरून ओतली तरी तेवढाच राहिला. दुसऱ्या थाळीतील वाळू किंचित ओली केली. ती जवळजवळ उभ्या भिंतीसारखी राहिली, कारण कणाकणांमध्ये पाण्याचे जे पातळ पडदे असतात त्यांचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. तिसऱ्या थाळीत उभी केलेली भिंत तशीच ठेवून तिच्या मागे चमच्याचमच्याने पाणी घालीत गेलो. पहिले काही चमचे काही झाले नाही. नंतर मधल्या सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या, ओढून धरणारे पडदे नाहीसे झाले, आतील पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर लोटू लागला आणि भिंत एकदम थाळीभर पसरली. एका मुलीने विचारले, "चौथ्या थाळीत खाली नळी घालून पाहू या का ?" शीतपेयाची नळी भोके पाडून तळाशी ठेवली. तेवढेच पाणी घातले. ते नळीतून बाहेर आले आणि भिंत उभी राहिली.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत नेरळ–माथेरानचा मार्ग ठिकठिकाणी उद्ध्वस्त झाला आणि तो पुन्हा सुरू होण्यास २००७ साल उजाडले. आमच्या देखाव्याची बाजू आम्ही छिन्नीने फोडली. कड्याच्या पायथ्याला ५ मिलिमीटर रुंदीचा चर घेतला, म्हणजे खऱ्या मापाने ४३ सेंटिमीटर. वळणाच्या मध्याखाली पुठ्ठ्याची मोरी बसविली. तिच्या तोंडाशी दगडांची रांग लावली. भिंतीत सुईने दोन ओळी भोके पाडली आणि प्रत्येक भोकाखाली पाणी ओघळून पडणारा काळपट डाग पातळ रंगाने काढला. हे डाग अवश्य काढावेत. भोके कुणाच्या लक्षात येत नाहीत, डाग येतात.

खडी, माती, पाणी

रुळांखालची खडी खऱ्या मार्गावर ५० मिलिमीटरांपर्यंत असते. ८७ ने भागले असता अर्धा मिलिमीटर येतो. जी वाळू चहाच्या गाळणीतून खाली पडते पण मैद्याच्या चाळणीवर अडकते ती नेमकी या मापाची. चाळण्यापूर्वी ती तीन पाण्यांनी धुवावी, आणि वाळल्यावर कागदात गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यातून फिरवावे. आपल्याकडील नद्यांच्या वाळूत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात, कारण ती ज्या कातळापासून झिजून झाली त्यात ते खनिज आहे. हे कण एंजिनाच्या मोटारीतील चुंबकाकडे खेचले जातात आणि दातेरी चाकांत अडकतात. आमचे पहिले एंजिन असेच बंद पडले. चुंबकाला चिकटलेली काळी दाढी मुलांनी बाटलीत भरून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे.

कोरडी वाळू मऊ कुंचल्याने रुळांमध्ये बसवून घ्यावी आणि मगच चिकटवावी. फेव्हिकॉलसारखा पांढरा चिकट पदार्थ दुप्पट पाण्यात पातळ करून सरळ थेंब सोडला, तर थेंब वाळूवर मण्यासारखा उभा राहतो, गडगडतो आणि खडीत खळगा पाडतो. याचेही कारण पृष्ठताणच. म्हणून आधी, दोन-चार थेंब भांडी घासण्याचा द्रव घातलेल्या पाण्याचा बारीक फवारा खडीवर मारावा व त्याचाच एक थेंब चिकट द्रावणातही टाकावा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण उतरतो, द्रावण कणांच्या फटींतून आपोआप झिरपते आणि वाळूचा एक कणही हलत नाही. सांध्यापाशी मात्र हात आखडता घ्यावा. एक थेंब सांध्याच्या हलणाऱ्या पात्यात गेला की सांधा कायमचा चिकटला. रात्रभर वाळू द्यावे. नंतर रुळांच्या कडा गंजासारख्या तपकिरी रंगवाव्यात आणि माथा पुसून स्वच्छ ठेवावा, कारण वीज तेथूनच एंजिनाला मिळते.

उतारावरची सुटी माती आणि दगडगोटे यांना आकार देत बसू नये. चाळलेली कोरडी माती वरून ओतावी आणि तिला हवी तेथे थांबू द्यावी. ढिगाचा उतार कणाच्या घर्षणावर आणि आकारावर अवलंबून असतो. ढिगाच्या उंचीवर नव्हे. तीनशे फुटांची दरड आणि तीन इंचांची दरड जवळजवळ एकाच कोनात थांबते. सगळ्या देखाव्यात निसर्ग जसाच्या तसा लहान होतो तो एवढ्या एका ठिकाणी.

पाण्याच्या बाबतीत तो मुळीच लहान होत नाही, आणि म्हणून खऱ्या पाण्याचा मोह टाळावा. ३ मिलिमीटरांचा थेंब प्रमाणाने २६ सेंटिमीटरांचा होतो; एवढा थेंब कोणत्या ओढ्यात असतो ? शिवाय पडणारी वस्तू लहान जगातही आपल्याच वेगाने पडते. पडण्याला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणून ८७ पट लहान धबधब्यातून पाणी खऱ्या धबधब्याच्या तुलनेने ९ पट कमी वेळात खाली येते. चित्रपटांत प्रतिकृतींचे दृश्य अधिक वेगाने टिपून नंतर सावकाश दाखवितात, ते या हिशेबासाठी. ग्रंथालयातील मेजावर ती सोय नाही. ओढ्याचा तळ आधी रंगवावा — मध्ये गडद, काठाला मातकट — आणि वर पारदर्शक वार्निशाचे चार-पाच पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा, असे द्यावेत. आम्ही मार्च महिना निवडला आणि ओढा कोरडाच ठेवला.

महिना निवडण्याचे सांगावयाचे राहिले. देखाव्याला एक साल आणि एक महिना असला पाहिजे. मार्चात उतारावरचे गवत वाळून पिवळे झालेले असते, आणि माथ्यावरची जांभूळ, अंजन ही झाडे मात्र गर्द हिरवी असतात. पावसाळ्याचा देखावा करावयाचा तर सगळे हिरवे चालेल. पण मग नेरळहून चढणारी गाडी दाखवू नये, कारण त्या दिवसांत घाटातील वाहतूक बंद ठेवतात. बोगद्याच्या कमानीवर काजळी असावी की नाही, हे सालावर ठरेल. वाफेची एंजिने या मार्गावर १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. १९६० सालचा देखावा असेल तर काजळी हवी, आजचा असेल तर काळा रंग आवरावा.

झाडे आणि माणसे

इंग्रजी पुस्तके झाडांसाठी लायकेन नावाची थंड प्रदेशातील दगडफुलाची जात वापरण्यास सांगतात. आपल्याकडे ती महाग पडते आणि तिची गरजही नाही. विजेच्या जुन्या तारेतील तांब्याचे बारीक धागे पिळून खोड करावे. वरच्या टोकांना ते सोडवीत गेले की फांद्या होतात. पर्णभारासाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कात्रीने तोडून त्या फांद्यांत गुंतवावी आणि तिच्यावर रंगविलेला लाकडाचा भुसा शिंपडावा. भुशाला एकच हिरवा रंग देऊ नये. तीन निरनिराळ्या हिरव्या रंगांचा भुसा वेगवेगळा रंगवून मग एकत्र करावा. झाडाखालच्या पाचोळ्याला वापरून वाळविलेल्या चहाच्या पत्तीइतके चांगले काही मिळत नाही. गवतासाठी काथ्याचे तुकडे करावेत. मार्च असेल तर ते रंगवावेही लागत नाहीत.

झाडे नेहमी लहान होतात. १२ मीटर उंचीचे झाड १४ सेंटिमीटरांचे व्हावयास हवे. गाडीच्या डब्याशेजारी ठेवल्यावर ते अवाढव्य वाटते आणि हात आपोआप कात्रीकडे जातो. तेव्हा मोजपट्टी पाहावी. फक्त पडद्याजवळची झाडे हेतुतः लहान केली तर चालतात, कारण ती लांबची वाटतात.

माणूस १९ मिलिमीटरांचा. दार २३ मिलिमीटरांचे. माणसे थोडी असावीत आणि स्तब्ध असावीत : बाकावर बसलेली, फलाटाच्या कठड्याला टेकलेली, ओझे खाली ठेवून उभी. एक पाय उचलून धावणारा माणूस पहिल्या दिवशी गमतीचा वाटतो. आठव्या दिवशी तो अजून तसाच पाय उचलून असतो. माथेरानात घोड्यांना जागा आहे, आणि माकडांना तर आहेच. छपरावरचे माकड ६ मिलिमीटरांत बसवावे लागते व त्याला शेपटी असली तर चेहरा लागत नाही. गँगमन मोरीजवळ उभा केला आहे. त्याचे फावडे टाचणीचे आहे.

एवढे झाल्यावर देखाव्याला दोन शत्रू उरतात. पहिला धूळ. धूळ लहान होत नाही; महिन्याभरात सगळा डोंगर राखेखाली गेल्यासारखा दिसतो. काम नसेल तेव्हा त्यावर धुतलेली चादर पसरावी, आणि चादर झाडांना टेकू नये म्हणून चार कोपऱ्यांना काठ्या लावाव्यात. दुसरा शत्रू कसर. काथ्या, भुसा, चहाची पत्ती ही सारी ओली राहिली तर बुरशी धरते, म्हणून प्रत्येक वस्तू वापरण्यापूर्वी दोन दिवस कडक उन्हात वाळवावी. कागद चिकटविण्यास खळ वापरली असेल तर झुरळे आणि कसर ती खातात. पुस्तकबांधणी करणारे कारागीर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, तीच युक्ती येथेही चालते. मात्र मोरचूद विषारी असल्याने ते शिक्षकांनी स्वतः घालावे आणि त्या खळीचे भांडे पुन्हा दुसऱ्या कामाला घेऊ नये. अळीव कितीही हौस असली तरी पेरू नये. त्याला रोज पाणी लागते, आणि पुठ्ठ्याच्या डोंगरातून पाणी जायला चर नसतो.